ग्लॅडिसचा पंप

मिनेसोटातल्या नॉर्डबी गावच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं, तेव्हा गावाला स्वतःच्या दातांची काळजी वाटली नाही. शेजारच्या गावात दुसरा डॉक्टर होता. तासभर गाडी हाकली की दात कोरून मिळत होते. गावाला घोर लागला तो ग्लॅडिसचा.

ग्लॅडिस म्हणजे डॉ. सुंडवालांच्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या खोलीत, काचेच्या भल्यामोठ्या टाकीत राहणारी मासोळी. मासोळी म्हणायचं ते आपलं म्हणायची पद्धत म्हणून. आकारानं बाई जेवणाच्या ताटाएवढी. काळं अंग, त्यावर नारिंगी डाग, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की तुम्ही दात नीट घासत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. ऑस्कर जातीचे हे मासे भलते मानी. काही मनाविरुद्ध झालं की तळाशी जाऊन एका कुशीवर आडवे होतात आणि रुसून पडून राहतात. नवख्या माणसाला वाटावं, मासा गेला. नॉर्डबीकरांना तसं वाटत नसे, कारण गावातल्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी सुजलेला गाल धरून तिच्यासमोर वेळ काढला होता आणि तिचे सगळे नखरे पाहिले होते.

सगळ्यांत जास्त वेळ काढला होता हार्लन फॉसनं. हार्लनच्या तोंडात असा एक दात नव्हता, ज्यावर डॉक्टरांनी हात चालवला नाही. हार्लन विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचा. घरात पाणी शिरलं, छत गळलं, नळ फुटला की लोक पैसे मागत आणि हार्लन जाऊन बघे, आणि बहुतेक वेळा 'नाही' म्हणून परत येई. गावात त्याचा दरारा होता. पण दवाखान्यात आतल्या खोलीतून यंत्राचा आवाज आला की या दराऱ्याच्या माणसाचे तळहात घामेजायचे. भीती वाटायची त्याला, अगदी लहान पोराला वाटते तशी. मग ग्लॅडिस काचेपाशी यायची. हा गालाला हात लावून तिच्याकडे बघतोय, ती कल्ले हलवत याच्याकडे बघतेय, असं चालायचं. ती होती म्हणून तो इतकी वर्षं दारातून पळून गेला नाही, आणि हे त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तर निवृत्त होताना डॉक्टर रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चमधल्या कॉफीच्या वेळी उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यानं ग्लॅडिससमोर सगळ्यांत जास्त वेळ घालवला, त्यानं तिला न्यावं." अख्खा हॉल हार्लनकडे वळला. खराब दातांचं असं चीज झालेलं कुणी ऐकलंय? हार्लनची छाती अशी फुगली की मार्लिसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं.

एक माणूस मात्र टाळ्या वाजवताना जरा कमीच वाजवत होता. तो म्हणजे हार्लनचा शेजारी ड्वेन क्वाम. ड्वेनचे सगळेच्या सगळे दात जागच्या जागी, एकाला कीड नाही. तो दवाखान्यात जायचा ते शाबासकी घ्यायला. पण ग्लॅडिस त्यालाही हवी होती. त्याच्या गॅरेजात जागा होती, अवजारं होती, आणि जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्याला न विचारता सांगण्यासारखं बरंच होतं.

निघताना डॉक्टर हार्लनचा हात हातात घेऊन म्हणाले, "उन्हाळा संपताना मी एखादी चक्कर मारीन. सहज हं. बघू, रमतेय का ती. आणि ड्वेनचं गॅरेज मोठं आहे म्हणतात, नाही?"

मिनेसोटात यापेक्षा मोठी धमकी देत नाहीत. हार्लनला ती बरोबर पोचली: ग्लॅडिस खूश दिसली तर तुझी, नाहीतर शेजारी.

टाकी घरी आली ती चर्चच्या आठ धट्ट्याकट्ट्या माणसांच्या खांद्यावरून. आणि मग मुद्दा निघाला पंपाचा. अशा मोठ्या टाकीचं पाणी सतत गाळावं लागतं. वरच्या टाकीच्या काठापाशी लावलेली एक नळी घाण पाणी खाली गाळणीच्या टाकीत सोडते, आणि पंप ते गाळलेलं पाणी दुसऱ्या नळीनं पुन्हा वर चढवतो. दवाखान्यात गाळणी शेजारच्याच खोलीत होती. इथं मार्लिस म्हणाली, "मासा दिवाणखान्यात चालेल. गाळणीचा खडखडाट आणि वास तळघरात." टाकी वर आणि गाळणी तळघरात, म्हणजे पंपाला पाणी एक मजला चढवायचं. डॉक्टरांचा जुना पंप लावून पाहिला, तर तो नुसताच गुरगुरला. ग्लॅडिस तात्पुरत्या हवेच्या बुडबुड्यांवर राहिली, आणि तिच्या टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं पिवळं व्हायला लागलं.

"मी निवडतो पंप," हार्लन म्हणाला. "त्यात काय एवढं?"

हे तो घरात म्हणाला असता तर निभावलं असतं. तो म्हणाला कॉफीच्या वेळी, चर्चमध्ये, ड्वेनच्या देखत.

ड्वेन म्हणाला, "नाही, तू निवडशीलच की. मी कुठं काय म्हणतोय? फक्त लागलं काही तर मी आहे शेजारी."

हार्लननं मग पद्धतशीर हिशेब केला. टाकीत पाणी किती मावतं, ते तासाला किती वेळा फिरायला हवं, गुणाकार. दुकानात जाऊन बरोबर तेवढं पाणी फेकणारा पंप आणला. खोक्यावर आकडाच होता, ठळक. तळघरात पंप बसवला, नळ्या जोडल्या, मार्लिसला वर टाकीपाशी उभं केलं आणि खालून ओरडला, "आलं का?"

"काय?"

"पाणी!"

"हो," मार्लिस म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "वेगळंच आहे."

आता इथं जरा थांबायला हवं. नॉर्डबीत माणसाच्या तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. एखादी गोष्ट पार फसली असेल तर 'वेगळंच आहे' म्हणतात, आणि शहाणा माणूस ती गोष्ट मुकाट्यानं मागच्या अंगणात नेऊन पुरतो. याच्या उलट, एखादी गोष्ट डोळ्यांचं पारणं फेडणारी झाली तर म्हणतात, 'वाईट नाही.' त्याच्या वर स्तुती नाही. हार्लननं लग्नाची मागणी घातली तेव्हा मार्लिस 'कल्पना वाईट नाही' म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यावर त्या माणसानं सगळा संसार उभा केला होता.

हार्लन वर धावला. नळीतून पाणी येत होतं खरं, पण रडक्या मुलाचं नाक गळावं तसं. त्यानं दुकानात फोन लावला.

"वर किती चढवताय?" पलीकडून विचारलं.

"एक मजला."

"हां. मग खोक्यावरचा आकडा विसरा. तो पाणी अजिबात चढवायचं नसेल तेव्हाचा असतो."

"मग तसं खोक्यावर लिहायचं ना!"

"लिहिलंय. बाजूला. बारीक."

हार्लननं खोकं फिरवून बाजू बघितली. बारीक अक्षरातलं वाचलं नाही म्हणून त्यानं स्वतः आजवर कितीतरी लोकांचे दावे फेटाळले होते.

बातमी गावभर झाली. कशी झाली ते विचारू नका. मार्लिस फक्त व्हर्नाबाईंशी बोलली होती. व्हर्ना हाल्व्हरसन समोरच राहतात, वयानं ऐंशीच्या घरातल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात हजर. एका हातात शेंगदाणा लोण्याच्या चॉकलेट लावलेल्या वड्यांचं पातेलं, दुसऱ्या हातात पिशवीत गुंडाळलेला पंप.

"आमच्या ह्यांच्या बोटीतला आहे. बोटीत शिरलेलं पाणी उपसायचे. लाव, हार्लन."

"नको नको व्हर्नाबाई, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास कसला?"

"नको हो, खरंच."

"मी बसते. तू लाव."

तीनदा नको म्हणून झालं की घ्यावंच लागतं, तशी पद्धत आहे. आणि घेतलं की देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वापरावंही लागतं, कारण देणारा कॉफी पीत बसलेला असतो. हार्लननं पंप आधी बादलीत चालवून पाहिला म्हणून बरं. बादलीभर पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलं. कैक वर्षांचं बोटीचं तेल. पण वर येऊन तो काय म्हणाला? "काय ताकद आहे हो पंपाला!" व्हर्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, आता तो पंप परत करता येईना. मार्लिसनं तो पुसून जिन्याच्या कोपऱ्यात मांडून ठेवला, येताजाता दिसेल असा.

व्हर्नाबाई बसल्या आहेत तोवर ड्वेन आला. येताना ढकलगाडीवर एक निळं धूड घेऊन. दर वसंतात बर्फ वितळलं की आसपासच्या तळघरांत पाणी शिरतं. ते उपसायला सगळी आळी ड्वेनला हाक मारते, आणि ड्वेन हे धूड घेऊन जातो.

"मी काय म्हणतो," ड्वेन टोपी मागे सारत म्हणाला, "म्हणजे तुला हवं असेल तर हं."

"नको रे नको, फार मोठा आहे."

"मोठा असलेला बरा. लहान पुरत नाही, ते तू पाहिलंसच."

"नको, खरंच."

"तुझी मर्जी. मी आपला इथं ठेवतो. विजेची वायर बघ पोचतेय का."

तीन नकार संपले होते.

त्या पंपानं काय केलं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. पाणी वर आलं, हे खरं. ते टाकीत न थांबता पलीकडच्या भिंतीवर गेलं, तिथून मार्लिसच्या आईवडिलांच्या फोटोवर. टाकीतली वाळू उठली आणि सगळं धूसर झालं. त्या धुराळ्यात ग्लॅडिस एकदा डावीकडून उजवीकडे गेलेली दिसली, शेपूट पुढे. मार्लिसनं किंचाळून वायर ओढली. वाळू हळूहळू खाली बसली, आणि ग्लॅडिस तळाशी आडवी पडलेली दिसली.

ती रुसते कशी, हे ड्वेनला इतरांइतकंच ठाऊक होतं. पण पंप त्याचा होता ना. त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फार चांगली होती."

"होती काय? रुसलीय!" हार्लन ओरडला. ग्लॅडिसचा एक डोळा हळूच ड्वेनकडे फिरला आणि पुन्हा दुसरीकडे वळला.

ती रुसली ती काही केल्या उठेना. कोळंबी टाकली, गांडूळ टाकलं, ढुंकून बघितलं नाही. हार्लन संध्याकाळी कामावरून येऊन बादल्यांनी पाणी बदलायचा आणि तिच्याशी बोलायचा. "माझ्यावर राग धर, पण खाऊन घे गं." मार्लिस स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा ती म्हणाली, "दे ना रे तिला ड्वेनकडे. त्याचं गॅरेज सपाट आहे. तिथं पाणी चढवायला नको, काही नको."

हार्लन वळून म्हणाला, "मार्लिस, दवाखान्यात मी भीत असे. घाम फुटायचा मला. ती समोर यायची म्हणून मी बसून राहायचो. आता ती माझ्या भरवशावर आलीय, आणि मला एक पंप निवडता येऊ नये?"

मार्लिसला हे नवीन होतं. मग तिनं हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "जिन्याची उंची मोजूया. मी टेप धरते."

या वेळी त्यांनी उंची मोजली, नळीची वळणं मोजली, कारण प्रत्येक वळणावर पंपाचं बळ खर्ची पडतं. खोक्याच्या बाजूचं बारीक अक्षर मार्लिसनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. नवा पंप आला. पाणी वर आलं, आलं ते कसं, गुळगुळीत, आवाज न करता, वाळूचा कण न हलवता. टाकी स्वच्छ व्हायला लागली. ग्लॅडिस उठली, कोळंबी खाल्ली, आणखी मागितली. हार्लन घरात कॉलर ताठ करून फिरायला लागला. ऑफिसात कुणी हवापाण्याच्या गप्पा काढल्या तरी तो त्या तिसऱ्या वाक्याला पंपावर आणायचा.

मग एका दुपारी गावच्या विजेच्या खांबावर एक खार चढली. खारीचं काय झालं ते सांगवत नाही, पण तिच्याबरोबर अख्ख्या आळीची वीज गेली.

हार्लन कामावर, मार्लिस बाजारात. पंप बंद पडला, आणि पाण्यानं काय करावं? ज्या नळीनं ते वर चढत होतं, त्याच नळीनं उलटं खाली यायला लागलं. नळीचं तोंड टाकीत खोल बुडवलेलं, त्यामुळे ते तोंड उघडं पडेपर्यंत पाणी थांबायचं कारणच नव्हतं. खालची गाळणी भरली, वाहिली, आणि तळघरातला गालिचा, पिंगपाँगचं टेबल, नाताळच्या सजावटीची खोकी, सगळं पाण्यात. वर ग्लॅडिस अर्ध्या टाकीत, संतापून आडवी.

वीज आल्यावर पाणी उपसायला कोण आलं असेल? ड्वेन, आणि उपसलं त्याच्या त्या निळ्या धुडानं. काम झाल्यावर ओल्या बुटांनी जिन्यात उभा राहून तो म्हणाला, "बरं झालं मी पंप इथंच ठेवला होता."

"हो. आभारी आहे."

"गॅरेजात असं होत नाही. म्हणजे मी आपलं म्हणतो. जमीन सिमेंटची, उतार बाहेरच्या बाजूला."

"बरं चाललंय माझं, ड्वेन."

"हो हो. दिसतंय ना," ड्वेन म्हणाला, आणि हे तो मनापासून, अगदी प्रेमानं म्हणाला, त्यामुळे हार्लनला जास्तच लागलं.

अपमान अजून संपला नव्हता. गालिच्याचे पैसे मिळावेत म्हणून हार्लनला स्वतःच्याच कंपनीत फोन करावा लागला. फोन उचलला रोबर्टानं, जिला त्यानंच काम शिकवलं होतं.

"हार्लन! सांगा ना. पाणी कुठून आलं?"

"टाकीतून."

"कसली टाकी?"

"माशाची."

रोबर्टानं तेही टिपून घेतलं. "आणि ते थांबलं का नाही?"

"रोबर्टा, तो प्रश्न मला विचारू नकोस. तो माझा प्रश्न आहे."

"तुम्हीच शिकवलंत," रोबर्टा हळू आवाजात म्हणाली. "पाणी कुठून आलं, आणि थांबलं का नाही. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे नाहीत. मला खरंच वाईट वाटतंय हो."

हार्लननं फोन ठेवला आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसला. थांबलं का नाही? सगळी नोकरी त्यानं हा प्रश्न लोकांना विचारण्यात घालवली होती, आणि लोक म्हणायचे, झडप अडकली. पाणी उलटं येऊ नये म्हणून नळीत झडप बसवतात, हे त्याला दुकानदारानंही सुचवलं होतं. पण किती अडकलेल्या झडपा त्यानं पाहिल्या होत्या! गाळ अडकतो, शेवाळ धरतं, आणि नेमक्या वेळी झडप उघडीच राहते. झडपेच्या भरवशावर बसलेल्या किती कुटुंबांचे गालिचे त्यानं वाकून, बोट लावून तपासले होते! नाही, झडप नाही. पाणी आपोआप थांबायला हवं, कशाच्याही भरवशावर न राहता.

हवा! नळीत हवा शिरली की ओढ तुटते. मग हवेनं शिरायचं कुठून? हार्लन उठला. ड्रिल आणलं. नळीला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर एक भोक पाडलं. पाणी जरा उतरलं की भोक उघडं पडेल, हवा आत जाईल, खेळ खलास. गाळणीच्या टाकीत त्यानं तेवढ्या पाण्यापुरती जागा रिकामी ठेवली. आणि पहिला, न वाचता आणलेला पंप फुकट गेला होता, त्याच्या जागी त्यानं चालू पंपासारखाच आणखी एक आणून दोन्ही शेजारी शेजारी बसवले, प्रत्येकाला थोडं कमी राबवून. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहील.

"दोन?" मार्लिस म्हणाली.

"आपणही दोघं आहोत," हार्लन म्हणाला. मार्लिसनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि त्या दिवशी जेवणात ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश केली, जी ती फक्त वाढदिवसाला करते.

उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी, चर्च सुटल्यावर, डॉ. सुंडवाल सहज चक्कर मारायला आले. डॉक्टर सहज आले म्हणून व्हर्नाबाई सहज वड्या घेऊन आल्या, आणि ड्वेन तर कुंपणापाशी सहज उभाच होता. सगळे दिवाणखान्यात बसले. टाकी लखलखत होती. ग्लॅडिस मधोमध, राणीसारखी.

डॉक्टर कॉफीचा घोट घेत म्हणाले, "वीज गेली होती म्हणे मध्ये."

"गेली होती," हार्लन म्हणाला.

"पुन्हा जाऊ शकते."

"जाऊ द्या."

ड्वेन खाकरला. "गॅरेजात कसं आहे डॉक्टर, की..."

हार्लन उठला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बसा सगळे," तो म्हणाला. "मी घालवूनच दाखवतो."

"हार्लन, नको," मार्लिस म्हणाली. नव्या गालिच्याची तिनं नुकतीच ऑर्डर दिली होती.

पण तो जिना उतरून गेलासुद्धा. खालून खट्‌ आवाज आला आणि घरातलं सगळं एकदम बंद पडलं. फ्रिज, पंखा, टाकीचा दिवा. मग त्या शांततेत पाणी नळीतून खाली जायला लागल्याचा आवाज आला. सगळ्यांनी आपोआप पाय उचलून सोफ्यावर घेतले. तळघर खाली आहे, पाणी वर येणार नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. व्हर्नाबाईंनी वड्यांचं पातेलं डोक्यावर धरलं.

पाणी जातच होतं. मग टाकीतून एक लांबलचक ढेकर आला, अगदी तृप्त माणसाचा, आणि आवाज थांबला.

"कोरडं!" खालून हार्लन ओरडला. "कोरडं आहे! खुशाल येऊन बघा!"

डॉक्टर जाऊन बघून आले. ड्वेननं गुडघ्यावर बसून जमिनीला हात लावला, हाताचा वास घेऊन पाहिला, आणि वर आला. हार्लननं वीज चालू केली, दोन्ही पंप गुणगुणायला लागले, टाकी पुन्हा भरली.

पण ग्लॅडिस तळाशी आडवी पडली होती. अचानक अंधार केलेला तिला खपला नव्हता. डॉक्टरांनी चष्मा पुसला. मिनिटं जात होती, आणि हार्लनच्या चेहऱ्यावरचा विजय हळूहळू उतरत गेला. डॉक्टर बघायला आले होते ते पंप नव्हे. ते बघायला आले होते, ती रमतेय का.

हार्लननं खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. तळहात घामेजले होते, आणि घाबरला की त्याचा हात जिथं जायचा तिथं तो आपणहून गेला: गालावर.

ग्लॅडिसचा डोळा फिरला. तिनं त्याला पाहिलं. गालाला हात लावून, पाय गोळा करून, भेदरून बसलेला तिचा जुना माणूस. तिनं एकदा शेपूट हलवलं. मग सावकाश, मानानं, सरळ झाली, वर आली, आणि थेट त्याच्यासमोर काचेला नाक लावून उभी राहिली.

"अगं माझे बाई," हार्लन म्हणाला.

डॉक्टरांनी कॉफी संपवली. कप खाली ठेवला. खूप वेळ टाकीकडे, नळीकडे, त्या भोकाकडे पाहिलं. "वाईट नाही," ते म्हणाले.

मार्लिसनं तोंडावर टॉवेल धरला. व्हर्नाबाईंना सरळ हुंदका आला. हार्लन उठला आणि "पंप बघून येतो जरा" म्हणत तळघरात निघून गेला, कारण गावासमोर रडायची पद्धत नाही.

नॉर्डबीत निरोप घ्यायला वेळ लागतो. दिवाणखान्यात एकदा, दारात एकदा, गाडीपाशी एकदा, आणि मग गाडीची काच खाली करून शेवटचा. डॉक्टर गेले, व्हर्नाबाई गेल्या; जाताना त्यांनी जिन्यातल्या कोपऱ्यात मांडलेल्या पंपावरून हात फिरवला. ड्वेन मात्र रेंगाळला. त्यानं आपलं निळं धूड ढकलगाडीवर चढवलं आणि दारापर्यंत नेलं. तिथं थांबला. टोपी काढली, परत घातली.

"माझ्या तळघरातसुद्धा एक नळी आहे," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "बाहेर पाणी सोडायची. पंप बंद केला की उलटं येतं. बरीच वर्षं येतंय."

हार्लन उंबऱ्यापर्यंत आला.

"ते भोक," ड्वेन म्हणाला. त्याला शब्द जड जात होते. ज्यानं जन्मात कुणाला यंत्रातलं काही विचारलं नव्हतं, त्याला जातीलच. "ते नेमकं कुठं पाडायचं रे?"

हार्लननं दार उघडं धरलं. "ये ना आत. कॉफी घे."

"नको नको, मी आपला..."

"अरे ये."

"नको, तुम्ही दमला असाल."

"ये, ड्वेन."

ड्वेननं ढकलगाडी दारातच ठेवली, बूट पुसले आणि आत आला. हार्लननं त्याला ग्लॅडिससमोरच्या खुर्चीत बसवलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं.